काम माझं, यूट्यूबचा पैसा ह्यांच्या खात्यात : इन्कम टॅक्स कुणी आणि कसा भरायचा?

तापीकाठची (४ जानेवारी २०२६, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. चार वर्षांपासून आमच्या मळ्यात स्वयंपाकाचे व्हिडीओ करते. पऱ्हाट्यांवर भाजून बडजीत ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी, वरण-बट्टी, खापरावरचे मांडे, शेवभाजी. सासूबाई सांगतात, मी करते, पुतण्या मोबाईलवर शूट करतो आणि एडिटिंग सुरतला राहणारा एक मुलगा करतो. बघणारे जळगाव-धुळ्याचे आहेत तितकेच सुरत, पुणे, कल्याणचे आहेत. गाव सोडून गेलेल्यांना चूल बघायला आवडते, असं कमेंटमधून कळतं.

सुरुवात केली तेव्हा घरात चांगला फोन एकच होता, ह्यांचा. जीमेल ह्यांचं, म्हणून अॅडसेन्सही (यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे देणारं गूगलचं खातं) ह्यांच्या नावानं झालं. पत्ता पडताळायच्या पिनचं पाकीट पोस्टानं ह्यांच्याच नावानं आलं आणि बँक खातंही ह्यांचंच. तेव्हा कुणाला वाटलं होतं की यूट्यूबकडून पैसे सुरू व्हायची अट, हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तास, पूर्ण होईल.

२०२३-२४ या वर्षात ११ लाख ४० हजार आले. २०२४-२५ मध्ये थोडे कमी, पण एका मसाल्याच्या कंपनीची १ लाख २० हजारांची जाहिरात मिळाली आणि त्यातून १२ हजार टीडीएस कापला गेला. आम्ही एकदाही रिटर्न भरलेलं नाही. आम्ही शेतकरी, केळी आणि थोडा कापूस. शेतीला टॅक्स नाही, म्हणून रिटर्न हा शब्दच घरात कधी आला नाही.

डिसेंबरात ह्यांच्या मोबाईलवर आयकर खात्याचा मेसेज आला की तुमच्या पॅनवर टीडीएस दिसतोय पण रिटर्न दिसत नाही. तालुक्याच्या ठिकाणी फॉर्म भरून देणाऱ्या एकाकडे गेलो. तो म्हणाला, "सगळं केळीचं उत्पन्न म्हणून दाखवून टाकू, सातबारा आहे ना, झालं काम." मला रात्रभर झोप आली नाही. हे म्हणतात, तो रोज हेच काम करतो, त्याला कळत असेल. त्या घोळात ३१ डिसेंबरही गेला.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. हे शेतीत दाखवणं बरोबर आहे का? काम मी करते, मग उत्पन्न माझं की ह्यांचं? आणि मागच्या वर्षांचं आता काय करायचं? कृपया कुणीतरी नीट समजावून सांगा.

केळीबाग (४ जानेवारी, रात्री १०.१५)

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, बाकीचं जाणकार देतील. अजिबात करू नका. केळीच्या पैशाला व्यापाऱ्याची पट्टी असते, वजन असतं, भाव असतो. तुमच्या पासबुकात दर महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान परदेशातून डॉलरचे रुपये होऊन येतात. ते केळीचे आहेत असं कोण मानेल? आमच्या रावेरकडे एकानं असंच दाखवलं होतं. नोटीस आल्यावर त्याच्याकडे एकही पट्टी नव्हती, कारण तेवढी केळी त्यानं लावलीच नव्हती.

हिशेबनीस (५ जानेवारी, सकाळी ७.०५)

जळगावात सीएच्या हाताखाली बरीच वर्षं काम करतोय. ताई, तुम्हाला झोप आली नाही हे चांगलं झालं. आता सविस्तर लिहितो.

व्हिडीओचं उत्पन्न हे धंदा-व्यवसायाचं उत्पन्न. जाहिरातीचा वाटा असो, सुपरचॅट असो, मेंबरशिप असो किंवा मसालेवाल्याची जाहिरात असो. शेतात शूट केलं म्हणून ते शेतीचं होत नाही. कलम १०(१) ची सूट जमिनीतून पिकलेल्या मालाच्या उत्पन्नाला आहे. भरीत करून दाखवलं त्याचे पैसे वांग्याचे नाहीत, तुमच्या कामाचे आहेत. जाणूनबुजून चुकीचं दाखवलं तर कलम २७०ए खाली टॅक्सच्या २०० टक्के दंड आहे. शेतीत दाखवा म्हणणारा तेव्हा तुमच्यासोबत उभा राहणार नाही.

आता त्याहून महत्त्वाचं, जे बहुतेक शेतकरी घरांना माहीत नसतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण दुसऱ्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजलं जातं. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजारांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर आधी दोन्हींची बेरीज करून टॅक्स काढायचा. मग शेतीचं उत्पन्न अधिक करमुक्त मर्यादा, यावरचा टॅक्स त्यातून वजा करायचा. उरेल तो तुमचा टॅक्स.

तुमचेच आकडे धरू. २०२३-२४ मध्ये ११ लाख ४० हजार आले, खरा खर्च ३ लाख २० हजार धरला तर नफा ८ लाख २० हजार. फक्त एवढंच असतं तर नव्या पद्धतीनं ३७,००० आणि ४ टक्के सेस मिळून ३८,४८० रुपये. पण केळीचं निव्वळ ३ लाख असेल तर: ११ लाख २० हजारांवर टॅक्स ७८,०००. ६ लाखांवर (३ लाख शेती + ३ लाख मर्यादा) १५,०००. फरक ६३,०००, सेससह ६५,५२०. म्हणजे केळीवर एक रुपया टॅक्स नाही, तरी केळीमुळे व्हिडीओचा टॅक्स २७ हजारांनी वाढला.

दुसरी अडचण फॉर्मची. सोपा म्हणून सगळे आयटीआर-४ भरतात. त्यात शेतीचं उत्पन्न फक्त ५ हजारांपर्यंत चालतं. तुमचा फॉर्म आयटीआर-३.

आता ऑफिसला निघतो. उत्पन्न कुणाचं आणि मागच्या वर्षांचं काय, ते संध्याकाळी.

अहिराणीबोल (५ जानेवारी, सकाळी ११.३०)

राम राम मंडळी. आमनं बी हाईच शे. अमळनेरकडचे आम्ही चार मित्र, अहिराणीतून कॉमेडी करतो. पैसा माझ्या खात्यात येतो, मी चौघांत रोख वाटतो. माझा टॅक्सवाला सगळ्यावर ६ टक्के नफा दाखवतो, ४४एडी का काय म्हणतो. ९ लाखांवर ५४ हजार उत्पन्न, टॅक्स शून्य. ते चुकीचं आहे का? आते काय करानं?

सुरतवासी (५ जानेवारी, दुपारी २.१०)

ताईंचा एडिटर मीच. ताई, तुम्ही मला दर महिन्याला खात्यावर पाठवता ते सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. दोन्ही वर्षांची बिलं करून देतो, काळजी करू नका. मी माझं रिटर्न भरतो, त्यात ती रक्कम दाखवलेली आहे.

आणि एक बघा, अॅडसेन्समध्ये अमेरिकेचा टॅक्स फॉर्म भरलाय का? तो डब्ल्यू-८बेन नावाचा असतो. न भरल्यास गूगल सगळ्या जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतं, फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांवर नाही. भरला आणि भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के. फॉर्ममध्ये आपला पॅन नंबर टाकावा लागतो. आणि तो कायमचा नसतो, काही वर्षांनी पुन्हा भरायला सांगतात, तो मेल बरेच जण वाचतच नाहीत. माझ्या एका क्लायंटचे दोन महिने असेच गेले.

हिशेबनीस (५ जानेवारी, रात्री ९.२०)

आधी अहिराणीबोल दादांचं, कारण त्यात ताईंचंही उत्तर आहे.

४४एडी हे धंद्यासाठी, जमेच्या ठराविक टक्के नफा दाखवायची सोय. डिजिटल जमेवर किमान ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. उलाढाल २ कोटींपर्यंत, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. ४४एडीए हे ठराविक व्यवसायांसाठी: वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट वगैरे. तिथे जमेच्या किमान ५० टक्के नफा. मर्यादा ५० लाख, रोख कमी असल्यास ७५ लाख. त्या यादीत फिल्म आर्टिस्ट आहे, त्याच्या व्याख्येत कॅमेरामन आणि एडिटरही येतात, पण ते चित्रपट निर्मितीशी जोडलेले.

यूट्यूबर यातला कोण? २०२५-२६ या आकारणी वर्षापासून (आकारणी वर्ष म्हणजे उत्पन्नाच्या पुढचं वर्ष, इथे २०२४-२५ चं उत्पन्न) आयटीआर-३ आणि आयटीआर-४ मध्ये सोशल मीडिया इन्फ्ल्युएन्सरसाठी १६०२१ हा वेगळा कोड आला आणि तो व्यवसायांच्या गटात आहे. म्हणून काही सीए म्हणतात, ४४एडीए लावा, ५० टक्के दाखवा. दुसरे म्हणतात, कोड आला म्हणून कलमातली यादी बदलत नाही. दोन्ही बाजूंना जाणती माणसं आहेत. पण घरात खरोखर लाखो रुपये शिल्लक राहत असताना ५४ हजार उत्पन्न दाखवणं मला पटत नाही. ६ टक्के हा किमान आकडा आहे. जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायला कलमातच जागा ठेवली आहे. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँक तीन वर्षांची रिटर्न मागेल. तेव्हा ५४ हजारांवर कोण कर्ज देईल?

आणखी एक पेच. ४४एडी एकदा घेऊन पाच वर्षांच्या आत सोडलं, तर पुढची पाच वर्षं ते पुन्हा घेता येत नाही आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही लागतं. अॅफिलिएट लिंकचं (दुसऱ्याचा माल विकला गेला की मिळणारं) कमिशन मिळत असेल तर कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडी मुळीच नाही. आणि दादा, रोख वाटू नका. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिलं तर तो खर्च मान्य होत नाही. मित्रांना खात्यावर पाठवा, प्रत्येकाकडून बिल घ्या. त्यांच्या हातात आलेलं उत्पन्न त्यांचं, त्याचं रिटर्न ते भरतील.

आता ताई, तुमचा दुसरा प्रश्न. गूगलशी करार तुमच्या यजमानांचा, अॅडसेन्स त्यांचं, खातं त्यांचं, टीडीएस त्यांच्या पॅनवर. मागच्या वर्षांचं उत्पन्न त्यांच्याच रिटर्नमध्ये दाखवणं हाच सरळ मार्ग. कुणीतरी सल्ला देईल की यजमानांच्या नावावर उत्पन्न दाखवा आणि तुम्हाला पगार दिला असं लिहा. कलम ६४ मध्ये हे आधीच अडवलेलं आहे. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला दिलेला पगार, तिच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल तर, नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात.

यापुढचं मात्र बदलता येतं. तुमच्या नावानं नवीन अॅडसेन्स काढा आणि चॅनल त्याला जोडा. चॅनल तेच राहतं, फक्त पैसा कुणाकडे जातो ते बदलतं. हा बदल ३२ दिवसांतून एकदाच करता येतो, म्हणून घाईत चुकीचं खातं जोडू नका. नाव पॅनवर, बँकेत आणि अॅडसेन्समध्ये अक्षरन्‌अक्षर सारखं हवं. काम तुमचं आहे, उत्पन्नही तुमच्या पॅनवर दिसू द्या.

तिसरा प्रश्न. २०२३-२४ आणि २०२४-२५, दोन्हींची उशिराची रिटर्न भरायची मुदत संपली. आता आयटीआर-यू, म्हणजे अद्ययावत विवरण. पूर्वी त्याला दोन वर्षं मिळायची, २०२५ च्या वित्त कायद्यानं ती चार केली. त्यात टॅक्स आणि व्याजावर जादा रक्कम द्यावी लागते: आकारणी वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत २५ टक्के, २४ महिन्यांत ५०, मग ६० आणि ७०. तुमच्या २०२३-२४ चे १२ महिने ३१ मार्च २०२६ ला संपतात.

त्या वर्षाचा हिशेब असा. टॅक्स ६५,५२०. रिटर्न उशिराचं व्याज १८ महिने आणि अॅडव्हान्स टॅक्स न भरल्याचं २२ महिने, दरमहा १ टक्का, मिळून २६,२००. अॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते चुकल्याचं व्याज ३,३०४. यावर २५ टक्के म्हणजे २३,७५६. उशिराची फी ५,०००. एकूण १ लाख २३ हजार ७८०. हे जानेवारीत भरलं तर. मार्चनंतर गेलात तर जादा रक्कम दुप्पट होईल आणि व्याज चालूच राहील. आकडा मोठा आहे, मला कल्पना आहे. पण हा भरून टाकला की प्रकरण मिटतं.

तापीकाठची (५ जानेवारी, रात्री ११.०५)

हिशेबनीस दादा, तुम्ही एवढं बसून लिहिलंत. हे आणि मी दोघांनी शेजारी बसून वाचलं. सव्वा लाख ऐकून हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, केळीच्या पुढच्या कापणीचे येतील त्यातून भरू. मी म्हटलं, व्हिडीओच्या पैशाचा टॅक्स व्हिडीओच्या पैशातून भरू, केळीला हात लावायचा नाही.

खर्चात काय काय धरता येतं ते सांगाल का? वांगी, तेल, शेंगदाणे हे सगळं धरायचं का? आणि भरताच्या पार्टीचा एक व्हिडीओ केला होता, चाळीस माणसं जेवली होती.

हिशेबनीस (६ जानेवारी, सकाळी ६.५०)

भरताच्या पार्टीचं सामान व्हिडीओसाठी आणलं होतं, किराणा दुकानाचं बिल असेल तर धरा. रोजच्या स्वयंपाकाचा किराणा धरू नका, जरी तोच व्हिडीओत दिसत असला. स्वतःच्या मळ्यातली वांगी धरू नका, त्यांचा खर्च शेतीच्या हिशेबात आधीच आलाय. सुरतच्या भाऊंना दिलेले पैसे, नेटचा रिचार्ज, माइक, ट्रायपॉड, दिवे, मळ्यात शूटिंगसाठी ओढलेल्या विजेचा वाटा हे धरा. मोबाईल घरातही वापरत असाल तर पूर्ण धरू नका. कॅमेऱ्याची सगळी किंमत एका वर्षात धरता येत नाही. वर्षाला १५ टक्के घसारा, कॉम्प्युटरला ४० टक्के. खरेदी वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. पुतण्याला पैसे देत असाल तर खात्यावर द्या, आणि बाहेरच्या माणसाला तेवढ्याच कामाचे जेवढे दिले असते तेवढेच. नातेवाइकाला जादा दिलेली रक्कम अधिकारी काढून टाकू शकतो.

बिल नसेल तर नाही धरायचं. अंदाजानं ३ लाख २० हजार लिहू नका. आधी बिलं जमवा, मग आकडा.

दोंडाईचा_गॅजेट (६ जानेवारी, दुपारी १२.२५)

मी मोबाईलचे रिव्ह्यू करतो. कंपनीनं २८ हजारांचा फोन पाठवला, रिव्ह्यूनंतर ठेवून घ्या म्हणाले, आणि वर २,८०० रुपये आमच्याकडे भरा म्हणतात. ही फसवणूक तर नाही ना?

हिशेबनीस (६ जानेवारी, दुपारी १.४०)

नाही, पण ती कंपनी खरी आहे का तेवढं तपासून घ्या. १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर लागू आहे. धंद्यातून मिळालेल्या वस्तू किंवा फायद्याची किंमत एका वर्षात २० हजारांवर गेली की देणाऱ्यानं १० टक्के टीडीएस भरायचा. वस्तूतून कापून घेता येत नाही, म्हणून ते तुमच्याकडून रोखीनं मागतात. भरल्यावर ती रक्कम तुमच्या २६एएस मध्ये (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सच्या तक्त्यात) दिसली पाहिजे, तिचं क्रेडिट तुमचंच आहे. आणि २८ हजार हे तुमचं उत्पन्न म्हणून रिटर्नमध्ये आलं पाहिजे. फोन परत केला तर हे काही लागत नाही.

नंदुरबारी_गुरुजी (६ जानेवारी, संध्याकाळी ७.१५)

मी शिक्षक आहे, गणिताचे व्हिडीओ टाकतो, महिन्याला सहा-सात हजार येतात. पगाराचं आयटीआर-१ भरतो, त्यात इतर उत्पन्न म्हणून टाकलं तर चालेल ना?

हिशेबनीस (६ जानेवारी, रात्री ८.३०)

गुरुजी, नियमित येतात म्हणजे ते धंदा-व्यवसायाचं उत्पन्न, आयटीआर-१ चालत नाही. आणि टॅक्सच्या आधी तुमच्या सेवानियमांप्रमाणे कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. तो कागद नसताना रिटर्नमध्ये व्यवसायाचा कोड दिसला तर विचारणा तिकडून होईल.

माहेर_शिरपूर (७ जानेवारी, सकाळी १०.००)

माझा अकरा वर्षांचा मुलगा तबला वाजवतो, त्याचं चॅनल आहे, अॅडसेन्स माझ्या नावावर. लहान मुलाचं उत्पन्न आईबापात मिळवतात म्हणे?

हिशेबनीस (७ जानेवारी, सकाळी १०.५०)

साधारणपणे हो. पण मुलानं स्वतःच्या कौशल्यानं किंवा कलेनं मिळवलेलं उत्पन्न त्या नियमातून वगळलेलं आहे. ते त्याचंच, त्याच्या पॅनवर, पालकानं त्याच्या वतीनं रिटर्न भरायचं. मात्र ते पैसे मुदत ठेवीत टाकले तर त्या ठेवीचं व्याज पालकाच्या उत्पन्नात येतं. पैसा तुमच्या खात्यातच राहून घरखर्चात जात असेल तर तो मुलाचा आहे हे दाखवणं कठीण जाईल. त्याच्या नावाचं वेगळं खातं ठेवा.

अहिराणीबोल (७ जानेवारी, रात्री ९.५५)

हिशेबनीस भाऊ, मित्रांशी बोललो. एक जण म्हणतो, १२ लाखांपर्यंत आता टॅक्सच नाही, मग रिटर्नची कटकट कशाला? आणि जीएसटीचं काय? कुणी म्हणतं यूट्यूबवाल्यांना पहिल्या रुपयापासून जीएसटी आहे.

हिशेबनीस (८ जानेवारी, सकाळी ७.१५)

१२ लाखांचं सगळीकडे अर्धवट सांगितलं जातं. ती सूट नव्या पद्धतीत २०२५-२६ पासूनची, त्याआधीच्या वर्षांना नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ती मर्यादा ७ लाख होती. शिवाय ती रिबेट आहे, म्हणजे टॅक्स निघतो आणि माफ होतो. उत्पन्न ४ लाखांवर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, टॅक्स शून्य असला तरी. कापलेला टीडीएस परत हवा असेल तरी रिटर्न हवंच. अमेरिकेत कापलेला १५ टक्के मात्र इथे टॅक्स शून्य असेल तर परत मिळत नाही; इथल्या त्या उत्पन्नावरच्या टॅक्सपुरतंच क्रेडिट मिळतं, तेही रिटर्न आणि फॉर्म ६७ (परदेशात कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट मागायचा फॉर्म) भरला तर. आणि हे क्रेडिट हवं असेल तर आयटीआर-४ चालत नाही. उत्पन्न दाखवताना अमेरिकेत कापण्याआधीची रक्कम दाखवायची, खात्यात आलेली नाही.

जीएसटी: आपल्याकडे सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. मोजताना परदेशातून आलेलंही धरायचं. २० लाख ओलांडलेत की नोंदणी. मग इथल्या ब्रँडच्या जाहिरातीवर १८ टक्के आकारायचा. परदेशातून आलेल्या पैशाला निर्यातीचा शून्य दर मिळवायचा तर दरवर्षी एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) भरायचं. बँकेकडून परकीय रकमेच्या जमेचं पत्र मागून ठेवत जा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू होतोय. कलमांचे आकडे बदलतील, ४४एडी आणि ४४एडीए दोन्ही कलम ५८ मध्ये गेलेत. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्यानं.

तापीकाठची (२८ जानेवारी, रात्री ९.००)

मंडळी, झालं ते सांगते. संक्रांतीच्या आधी तीन दिवस जेवणाच्या खोलीत बिलांचा पसारा घालून बसलो. किराण्याची बिलं सासूबाईंनी गव्हाच्या कोठीवरच्या डब्यात जपून ठेवली होती, मला माहीतच नव्हतं. सुरतच्या भाऊंनी दोन्ही वर्षांचे कागद पाठवले. बिलांसहित खर्च ३ लाख १८ हजार निघाला, अंदाजाच्या अगदी जवळ. केळीच्या पट्ट्याही शोधल्या. शेतीचा खर्च वजा करून निव्वळ जवळजवळ ३ लाखच.

जळगावला एका सीए मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, "व्हिडीओ कोण करतं?" ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. २०२३-२४ चं आयटीआर-यू काल भरलं. २०२४-२५ चंही भरलं, त्यात कापलेले १२ हजार वजा झाले. पैसे कुठून आणले ते सांगते, मनात ठेवायचं नाही. व्हिडीओसाठी नवा कॅमेरा घ्यायचा म्हणून साठवले होते, ते गेले.

माझ्या नावाचं पॅन होतंच. खातं उघडलं, अॅडसेन्स काढलं, २० तारखेला चॅनल जोडलं, डब्ल्यू-८बेन पुतण्यानं माझ्यासमोर बसून भरला. मॅडम म्हणाल्या, २०२५-२६ साठी २० जानेवारीपर्यंतचं ह्यांच्याकडे, पुढचं माझ्याकडे. दोघांचंही १२ लाखांच्या खूप आत, शेती धरूनही रिबेटमध्ये बसतं, म्हणून अॅडव्हान्स टॅक्स नाही. ज्यांना १० हजारांच्या वर भरायचा आहे त्यांनी लक्षात ठेवा, ४४एडीवाल्यांना सगळा १५ मार्चपर्यंतच, आणि यंदा १५ मार्चला रविवार आहे.

केळीबाग (२८ जानेवारी, रात्री ९.३५)

ताई, कॅमेरा येईल. तुम्ही मोबाईलवर जे दाखवता तेच बघायला लोक येतात.

अहिराणीबोल (२९ जानेवारी, सकाळी ८.१०)

आम्ही चौघांनी बी ठरवलं. या महिन्यापासून तिघांना खात्यावर पैसे, तिघेही बिल देणार, खरा नफा दाखवणार. एकाचं पॅन नव्हतं, ते काढलं. माझ्या टॅक्सवाल्याला सांगितलं की ६ टक्के नको, तर म्हणाला, तुमची मर्जी. हिशेबनीस भाऊ, तुमना गाव जळगाव, येवानं शे चहा प्याले.

हिशेबनीस (२९ जानेवारी, सकाळी ८.४०)

या दादा. येताना यंदाचं पासबुक आणि अॅडसेन्सचं महिनावार स्टेटमेंट घेऊन या. चहा पिता पिता बघून टाकू.

तापीकाठची (१२ मार्च, दुपारी ३.२०)

फक्त एवढं सांगायला आले. आज पोस्टमन काकांनी पिनचं पाकीट आणून दिलं. मळ्यात होते, सासूबाईंनी सही करून घेतलं आणि देवापाशी ठेवलं. मागच्या वेळी असंच पाकीट आलं तेव्हा त्यावर ह्यांचं नाव होतं. ह्या वेळी माझं आहे. पिन टाकला, खातं व्हेरिफाय झालं. एक वही केली आहे. पहिल्या पानावर जमा, मागच्या पानावरून खर्च, आणि पहिली नोंद काल आणलेल्या अर्धा किलो शेंगदाण्याची आहे. बिल वहीतच पिन करून ठेवलंय.